पावसाळाभर उभी गाडी, मागचं चाक जाम: केबल बदलण्याआधी काय काय तपासावं?

जांभाकौल (धागाकर्ता)

गाडी २००६ची छोटी पेट्रोल हॅचबॅक. ओढ पुढच्या चाकांना, मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादापर्यंत धागा 'हीच का घेतली' वर जातो.

चिपळूणजवळ गावी काकांकडे पत्र्याच्या शेडमध्ये जूनपासून उभी होती. तीन बाजू उघड्या, खाली सपाट जांभा, पाऊस तिरका आला की चाकं भिजतात. हँडब्रेक ओढलेला. आता गणपतीला आलोय. बॅटरी चार्ज करून गाडी चालू केली तर झकास चालू झाली, पण जागची हलेना. पहिला टाकून क्लच सोडला की मागची बाजू खाली बसते आणि इंजिन बंद पडायला येतं. रिव्हर्स टाकला की मागची बाजू वर उचलते.

हँडब्रेकचा दांडा पूर्ण खाली जातो, मीटरमधला लाल दिवाही विझतो. दांडा सैल मात्र वाटतो, पहिले दोन-तीन दात काही जोरच लागत नाही. इथल्या मेकॅनिकने फोनवर ऐकून निकाल दिला, "केबल गेली, दोन्ही बदला." सणात माणूस मोकळा नाही, केबल चिपळूणहून आणावी लागणार. आणण्याआधी ती खरंच गेलीय का हे घरच्या घरी कसं ठरवायचं? घरी जॅक, पाने, हातोडी आहे. विसर्जनानंतर मुंबईला परतायचं आहे.

पळसदरी

रेस वाढव, क्लच झटक्यात सोड. धाडकन सुटते. आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर हाच कार्यक्रम असतो.

आंगणेवाडीचो

गाडी गावाक बंद ठेवल्यार ह्यां होतलाच. गणपती बाप्पा मोरया.

तेलकट_हात

पळसदरी, सुटते खरी, पण काय तुटून सुटली हे बाहेरून दिसत नाही. लायनर म्हणजे ड्रमला आतून टेकून चाक थांबवणारी अर्धगोल पट्टी. जुन्या लायनरचं अस्तर पट्टीला चिकटवलेलं असतं. ड्रमशी गंजाने धरलेली पकड त्या गोंदापेक्षा घट्ट असेल तर अस्तर ड्रमला राहतं आणि नुसती लोखंडी पट्टी फिरते. सुटा तुकडा पुढे चालत्या गाडीत आडवा अडकला तर चाक रस्त्यातच जाम. दर वर्षी हा कार्यक्रम करत असाल तर एकदा ड्रम उघडून बघाच.

जांभाकौल, तुमच्या लिहिण्यातून एक गोष्ट कळली. दांडा खाली जातोय आणि सैल आहे, म्हणजे वरची दात्यांची पट्टी आणि कुत्रा (दातांत अडकून दांडा धरणारा खटका) ठीक आहेत. अडकलंय ते त्याच्या पलीकडे. पण केबल की ड्रम, हे सैल दांड्यावरून ठरत नाही. आतली तार आवरणात गंजून अडकली तरी दांड्याकडचं टोक ढिलं पडतं, आणि तार परत येऊन लायनर ड्रमला चिकटून राहिले तरी ढिलंच पडतं. मेकॅनिकने फोनवर ऐकलं ते एवढंच असणार.

जोर कुठल्या वाटेने जातो ते आधी डोळ्यापुढे आणा. दांडा, त्याच्या बुडाशी (काही गाड्यांत गाडीच्या पोटाखाली) दोन्ही बाजूंना समान ओढ वाटून देणारी आडवी पट्टी, तिथून दोन केबल, प्रत्येक केबल एकेका चाकाच्या बॅक प्लेटमधून (ड्रममागची न फिरणारी चकती) आत. आत लायनरच्या पट्टीवर एका पिनेत फिरणारी छोटी लिव्हर. केबल ती ओढते, ती मधल्या पट्टीला ढकलते, दोन्ही लायनर फाकून ड्रमला टेकतात. दांडा सोडला की स्प्रिंगा सगळं परत ओढतात. या वाटेवर कुठे तरी 'परत येणं' थांबलंय. वाट मध्येच कापून कुठला अर्धा भाग निर्दोष आहे ते बघायचं. वरून एकेक भाग बदलत खाली जायचं नाही.

पहिलं काम, कुठलं चाक? जॅक लावताना पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, गाडी पहिल्या गिअरमध्ये. तुमची ओढ पुढे आहे म्हणून गिअरने पुढची चाकं धरली जातील. मागची ओढ असलेल्या जुन्या गाडीत हा भरवसा ठेवायचा नाही: मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) गिअर असूनही गाडी सटकू शकते. जॅकखाली फळी घाला. उचलल्यावर खाली स्टँड नसेल तर निदान काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवा, आणि स्टँड नसताना अंग गाडीखाली घालू नका.

उचललेलं चाक हाताने फिरवा, दोन्हीकडचं. मग इथे लिहा.

सुमेधा_वाकड

लायनर चिकटतो म्हणजे नेमकं काय होतं? लायनर गंजत नाही ना?

तेलकट_हात

ड्रम ओतीव लोखंडाचा. एरवी ब्रेक लागून घासत राहतो म्हणून आतून चकचकीत असतो, रंग नाही की तेल नाही. ओला असताना लायनर त्यावर दाबून ठेवला की मधलं पाणी वाळायला वाट नाही. ड्रमवर गंज चढतो आणि लायनरच्या खडबडीत पृष्ठात घुसतो. लायनरच्या मिश्रणात धातूचे कण असले तर तेही गंजतात. एका रात्रीत होतं ते हलकं असतं, सकाळी निघताना 'टक्' आवाज येऊन सुटतं. तुमच्यापैकी अनेकांनी तो ऐकला असेल आणि गिअरबॉक्सवर संशय घेतला असेल. तीन महिन्यांचं असं सुटत नाही.

शाहूपुरी

आमच्याकडं गाडी धुतली की लगेच उभी करायची नाही, गल्लीला एक फेरी मारून ब्रेक दाबत यायचं, मग लावायची. लोकांना वाटतं गडी धुतलेली गाडी मिरवतोय.

टोरंटोकर

इथला अनुभव उलटा आहे. आमच्याकडे बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, लोक 'पी' मध्ये टाकतात आणि हँडब्रेक वर्षानुवर्षं ओढतच नाहीत. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर केबलच्या आवरणात शिरतं. मग तपासणीला कोणी तरी एकदाच हँडब्रेक ओढतो आणि तो तसाच राहतो. म्हणजे ओढून ठेवल्यानेही अडकतो आणि न ओढल्यानेही. कडाक्याच्या थंडीत आवरणातलं पाणी गोठूनही अडकतो, तो मात्र ऊन पडलं की आपोआप सुटतो.

कोकणात बर्फ नाही, पण खारी हवा आहे. मी केबलवरच पैज लावली असती.

जांभाकौल (धागाकर्ता)

उचलून बघितलं. डावं चाक फिरतं, पण मोकळं नाही, हाताने सोडलं की लगेच थांबतं. उजवं अजिबात नाही. पाय लावून ढकललं तरी नाही.

केबल बॅक प्लेटमध्ये शिरते तिथे आवरणच थेट आत गेलंय. तार दिसतच नाही. आता वाट कुठे कापू?

तेलकट_हात

मग दुसऱ्या टोकाला. दांड्याचं प्लास्टिकचं कव्हर काढा. खाली एक लांब आट्यांचा बोल्ट आणि त्यावर नट दिसेल, हँडब्रेक कमी-जास्त करायचा. सोडण्याआधी आटे किती बाहेर आलेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. नट पूर्ण सैल करा, केबलची टोकं पट्टीतून मोकळी करा. मग एकेक तार पकडीने हळू ओढायची आणि सोडायची.

चांगली तार थोडी येते, कडक लागते आणि सोडली की स्वतःहून मागे जाते. आवरणात अडकलेली एक तर येतच नाही किंवा येते आणि तिथेच राहते. उजवी मागे जात असेल तर केबल मोकळी आहे आणि जाम ड्रमच्या आत आहे. मागे जात नसेल तर केबल किंवा आतली लिव्हर, दोघांपैकी एक.

बोरघाट_७२

ब्रेक ऑइलच्या बाजूने पण असू शकतं. रबरी होज आतून फुगला की पॅडलने गेलेलं ऑइल परत येत नाही, चाक धरलेलं राहतं. लोक हँडब्रेक, हँडब्रेक करत बसतात आणि दोष होजमध्ये असतो. चाकाचा निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायची छोटी तोटी) सैल करून बघा, ऑइलची पिचकारी उडून चाक सुटलं तर तेच.

तेलकट_हात

बरोबर, आणि ती चाचणी आपण करणार आहोत, पण आत्ता नाही. कित्येक आठवडे पॅडलला पाय लागलेला नाही, एवढा काळ होज दाब धरून बसण्याची शक्यता फार कमी. शिवाय २००६चा निपल कोकणातल्या हवेत गंजलेला असणार. जोर लावला तर मुडतो, मग नवा सिलिंडर आणि हवा काढण्याचं काम गळ्यात. आज रात्री निपलवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. ड्रमच्या फटीत मात्र मारू नका. लायनरला तेल लागलं की तो गेलाच.

जांभाकौल (धागाकर्ता)

तारा ओढून बघितल्या. डावी पटकन मागे जाते. उजवी पण जाते, आळसावल्यासारखी. म्हणजे केबल तुटलेली किंवा पूर्ण अडकलेली नाही. दोन्ही केबल आणायला निघालेल्या भावाला थांबवलंय.

एक गोष्ट विचित्र वाटली. नट बोल्टच्या जवळजवळ शेवटच्या आट्यांपर्यंत आवळलेला होता. फोटो काढून ठेवलाय.

तेलकट_हात

तो फोटो जपून ठेवा, त्यावर नंतर येऊ.

आता उजवा ड्रम सोडवायचा. चाकाचे नट जमिनीवर असताना थोडे ढिले केले असतीलच. चाक काढा. ड्रमच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा धरून त्यावर हातोडीने गोल फिरत ठोका, दर वेळी जागा बदलत. नुसत्या हातोडीने ठोकू नका, आणि बॅक प्लेटकडच्या पातळ कडेवर तर नाहीच. ओतीव लोखंड वाकत नाही, टवका उडतो. डोळ्यांना चष्मा लावा. घाई करू नका, ठोकत राहिलात की गंजाची पकड भुसभुशीत होत जाते.

त्याने नाही झालं तर चाक लावून, गाडी खाली घेऊन, दगड काढून पहिला-रिव्हर्स, पहिला-रिव्हर्स असं हलकं झुलवायचं. हाफ क्लचवर ढकलत राहायचं नाही, क्लचप्लेट जळेल.

जीपवेडा

अवांतर: माझ्याकडे जुनी विलिज आहे. तिचा हँडब्रेक चाकांवर नाहीच, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी पेटी) मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर एकच ड्रम आहे. तो अडकला तर मागची दोन्ही चाकं उचलून एक फिरवल्यावर दुसरं उलटं फिरेल आणि तुम्हाला वाटेल सगळं मोकळं आहे. अशा गाडीत या धाग्यातली पहिली चाचणी फसते. शाफ्ट हाताने फिरवून बघावा लागतो.

शाहूपुरी

जीपवाल्यांना कुठल्या पण धाग्यात जीप घालायला जागा सापडते. पण मुद्दा बरोबर आहे.

जांभाकौल (धागाकर्ता)

सुटलं! ठोकून चाक हललं नाही, पण नंतर झुलवताना 'टप्प' असा आवाज आला आणि गाडी पुढे गेली. अंगणातून मागेपुढे केली, ब्रेक लागतात. काका म्हणतात आता देवाचं नाव घे आणि नीघ. धागा बंद करू का?

पळसदरी

मी पहिल्याच प्रतिसादात हेच सांगितलं होतं.

तेलकट_हात

बंद नका करू. चाक का चिकटलं हे कळलं: पाणी आणि गंज. पण डावं चाक चिकटलेलं नसूनही मोकळं का फिरत नव्हतं? उजवी तार आळसावलेली का होती? आणि नट शेवटच्या आट्यापर्यंत कोणी आणि कशासाठी नेला? चिकटण्याच्या आधीपासून काही तरी अर्धवट अडकलेलं होतं.

तुम्ही चिपळूणहून निघालात की लगेच परशुराम घाट, मग खेडजवळ भोस्ते. घासत राहणारा मागचा ब्रेक घेऊन तिथे जाऊ नका. ड्रम तापतो, त्या उष्णतेने व्हील सिलिंडरमधलं (पॅडल दाबल्यावर लायनर फाकवणारा छोटा सिलिंडर) ऑइल तापतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याने त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा घेतलेलं १४० अंशांच्या आसपास. उकळलं की पाइपात वाफ, आणि पॅडल थेट खाली. तुमचं ऑइल शेवटचं कधी बदललंय?

नट पूर्वीइतका आवळून (फोटोप्रमाणे, म्हणजे मूळ स्थिती कळेल) नाक्यापर्यंत सपाट रस्त्याने जाऊन या. ब्रेक कमीत कमी वापरा. आल्यावर हाताची मागची बाजू चारही रिमच्या जवळ न्या, टेकवू नका. मागची दोन्ही एकमेकांशी ताडून बघा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, ओतीव लोखंडाला तडा जातो. तापलंय तोवरच जॅक लावून फिरवा, कारण काही दोष गरम असतानाच बोलतात.

जांभाकौल (धागाकर्ता)

काय वापरलंय ते ऑइल कधीचं आहे, काकांना आठवत नाही. रंग चहासारखा आहे.

जाऊन आलो. उजव्या रिमजवळ हात ठेववत नाही, वास येतोय. डावंही बऱ्यापैकी गरम. पुढची दोन्ही कोमट. उजवं उचललं तर घासत घासत फिरतं.

निपल (स्प्रेने सुटला, देवाची कृपा) नळी लावून सैल केला. ऑइल थेंबथेंब आलं, पिचकारी नाही. चाकात फरक शून्य. मग निपल बंद करून हँडब्रेकचा नट पूर्ण सैल केला. डावं चाक लगेच मोकळं झालं, एकदम. उजवं थोडं हलकं झालं पण घासणं चालूच.

बोरघाट_७२

निपल सैल करून फरक नाही म्हणजे होज सुटला आरोपातून. मी शब्द मागे घेतो.

तेलकट_हात

आता सगळं जुळलं. डाव्या चाकात दोष फक्त आवळलेल्या केबलचा. उजव्यात आवळलेली केबल, आणि वर आतली लिव्हर तिच्या पिनेत अडकतेय. म्हणून तार आळसावलेली. केबल दोन्ही बहुधा चांगल्या आहेत.

आणि आता त्या फोटोकडे. लायनर झिजतात तसा ड्रम आणि त्यांच्यातला गाळा वाढतो, मग हँडब्रेकचा दांडा वर वर येऊ लागतो. खरा उपाय म्हणजे ड्रमच्या आतला अ‍ॅडजस्टर, तो लायनर पुन्हा ड्रमजवळ आणून ठेवतो. तो उघडायला अर्धा तास लागतो. दांड्याखालचा नट आवळायला एक मिनिट. मग कोणीतरी एक मिनिटाचं काम करतो. दांडा पुन्हा पाचव्या दातावर लागतो, गिऱ्हाईक खूश. पण आतली लिव्हर आता कधीच पूर्ण मागे टेकत नाही. बऱ्याच गाड्यांतला ऑटो अ‍ॅडजस्टर लिव्हर पूर्ण मागे असेल तरच नीट चालतो, म्हणजे तोही बंद पडतो. लायनर आणखी झिजतात, दांडा पुन्हा वर येतो, पुन्हा नट. दोन-तीन फेऱ्यांत नट शेवटच्या आट्यांवर. पिनेला पूर्ण फेरी मिळत नाही, ती एकाच जागी उभी राहून गंजते. माझ्याकडे 'केबल बदलूनही जाम होतंय' म्हणून आलेल्या गाड्यांत हे इतक्या वेळा बघितलंय की मी आता चाकाच्या आधी तो नट बघतो.

म्हणून नवी केबल घालून तुमचं काही झालं नसतं. किंवा आठवडाभर झालं असतं.

सुमेधा_वाकड

मग ती चाचणी उलट क्रमाने का नाही केली? आधीच नट सैल करून बघितलं असतं तर?

तेलकट_हात

सैल केला होता, तारा ओढून बघताना. पण तेव्हा उजवं गंजाने धरलेलं होतं, त्यामुळे काहीच कळलं नसतं. आणि डावं त्या वेळी फिरवून बघा असं मी सांगायला हवं होतं हा तुमचा मुद्दा रास्त आहे.

उजवा ड्रम आता उघडायचाच. नट सैलच ठेवा. काही गाड्यांत ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन भोकं असतात, त्यांत बहुधा ८ मिमीचे बोल्ट बसतात. दोन्ही आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा फिरवले की ड्रम बाहेर ढकलला जातो. काहींत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात, मग मधली ग्रीसची टोपी, तिच्यामागचा नट काढावा लागतो. तो लावताना किती आवळायचा याचं माप असतं, ते माहीत नसेल तर मेकॅनिकला बोलवा. ड्रमच्या तोंडाशी झिजून उभी राहिलेली कड लायनरला अडवत असेल तर ओढाताण न करता अ‍ॅडजस्टर मागे घ्या. आतली भुकटी फुंकायची नाही, हवेचा पाइपही नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने टिपा, फडकं पिशवीत बांधून टाका. एका बाजूचं उघडताना दुसरी बंद ठेवा, किंवा स्प्रिंगांचा फोटो काढून ठेवा. कुठली स्प्रिंग कुठे होती हे दहा मिनिटांत विसरायला होतं.

पळसदरी

केबलमध्ये ऑइल सोडलं तर? आमचा माणूस सिरिंजने सोडतो.

टोरंटोकर

पातळ स्प्रेने दोन महिने चालते, मग पुन्हा तेच, कारण फाटलेल्या रबरातून पाणी येत राहतं. आतला गंज जात नाही. केबल खरंच अडकत असेल तर बदलायचीच. नुसती कोरडी असेल तर गोष्ट वेगळी.

जांभाकौल (धागाकर्ता)

तोच फोनवाला मेकॅनिक आज सकाळी स्वतः आला, मी धागा त्याला वाचून दाखवला. हसला, आणि म्हणाला, "नट मी नाही आवळला." भला माणूस आहे. भोकांमध्ये बोल्ट घालून ड्रम काढला.

ड्रमच्या आत लायनरच्या आकाराचा तपकिरी ठसा. एका लायनरच्या कडेचं अस्तर टवका उडाल्यासारखं निघालंय (पळसदरी, वाचा). व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून बघितल्या, आत कोरडं. केबल शिरते तिथलं रबर फाटलेलं. आणि लिव्हरची पिन: स्क्रू ड्रायव्हरने लिव्हर ओढली तर येते, सोडली की तिथेच उभी. पूर्ण मागे ढकलावी लागते. अ‍ॅडजस्टरचे दात मातीने भरलेले.

त्याने लिव्हर काढून पिन पॉलिश पेपरने घासली. लायनर नवे घालायला सांगतोय, दोन्ही बाजूंचे. फक्त उजव्याचे चालतील का? डावे अर्धे शिल्लक आहेत.

तेलकट_हात

दोन्हीकडचे घाला. एकीकडे नवा आणि एकीकडे जुना असला की ब्रेक मारताना दोन बाजूंची पकड सारखी राहत नाही, ओल्या रस्त्यावर मागची बाजू एकीकडे ओढते. डाव्याची पिनही काढून साफ करा, तिथेही तेच सुरू झालेलं असणार. पिनेला आणि बॅक प्लेटवर लायनरच्या कडा घासतात त्या उंचवट्यांना उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस, अगदी बोटभर पुसल्यासारखं. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस उरलंय म्हणून ते नको, वितळून लायनरवर येतं. रबराजवळ पेट्रोल-रॉकेलही नको, कप फुगतात. ड्रमचा ठसा पॉलिश पेपरने जात असेल तर घासा. खड्डे पडले असतील तर लेथवर, पण ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्यापुढे गेला तर नवा.

केबलचं फाटलेलं रबर वेगळं मिळालं तर तेवढंच घाला. नाही मिळालं तर उजवी केबल बदला, पुढच्या पावसात तिचीच पाळी आहे. मेकॅनिक अर्धा बरोबर निघाला असं म्हणा हवं तर.

बसवताना क्रम: नट पूर्ण सैल. ड्रम बसवा. अ‍ॅडजस्टरने लायनर एवढे जवळ आणा की चाक फिरवताना हलकासा 'सुर्र' आवाज यावा. पॅडल काही वेळा दाबा, म्हणजे लायनर मध्यावर बसतील. सगळ्यात शेवटी नट, तोही दांडा पाचव्या-सातव्या दाताला घट्ट लागेल इतपतच. गाडीच्या पुस्तकात दातांची संख्या दिलेली असते, ती धरा. दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही केबल किंचित सैल हव्यात, हे हाताने बघा.

आणि ब्रेक ऑइल बदला. चहासारखं झालंय म्हणताय.

वकिलीणबाई_ठाणे

गाडी १५ वर्षांपुढची आहे, म्हणजे पुन्हा पासिंग झालं असेल आणि पाच वर्षांनी परत होईल. त्या तपासणीत ब्रेक बघतात. बिलं जपून ठेवा.

माझा प्रश्न वेगळा. पुढच्या पावसाळ्यात हँडब्रेक न लावता ठेवायची असं सगळे म्हणणार. घरात लहान मुलं आहेत. गाडीत खेळताना कोणी गिअर काढला तर?

शाहूपुरी

सपाट जागा, पहिला गिअर, गाडीला कुलूप, किल्ली घरात खुंटीला, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड. नुसता गिअर म्हणजे नुसतं बोलणं.

तेलकट_हात

चढ-उतार असेल तर मी हँडब्रेक काढायला सांगणार नाही. तिथे जाम झालेला ब्रेक परवडतो. चढाकडे तोंड असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि दगड. काकांकडे सपाट आहे म्हणून हँडब्रेकशिवाय चालेल. काकांनी पंधरवड्यातून एकदा गाडी अंगणात मागेपुढे केली आणि दांडा चार वेळा ओढून सोडला तर पिनही मोकळी राहील. गाडी चालवत नसतील तर निदान दांडा.

जांभाकौल (धागाकर्ता)

दोन्ही बाजूंचे लायनर, उजवी केबल (रबर वेगळं मिळालं नाही) आणि नवं ब्रेक ऑइल झालं. हवा काढली. मेकॅनिकने नट स्वतःच शेवटी लावला, मला सांगावं लागलं नाही. दांडा सहाव्या दाताला लागतो. नाक्यापर्यंत जाऊन आलो, मागच्या दोन्ही रिम सारख्याच कोमट. वाडीच्या चढावर हँडब्रेकवर थांबवून बघितली, धरते.

परवा निघतोय. नव्या लायनरवर घाटात काही काळजी?

तेलकट_हात

नवे लायनर ड्रमशी पूर्ण टेकायला काही शे किलोमीटर जातात, तोवर पकड थोडी कमी वाटेल. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. खेडला चहाला थांबलात की मागच्या रिमना हात जवळ नेऊन बघा. मुंबईत पोहोचल्यावर हजारएक किलोमीटर झाले की दांडा पुन्हा मोजा. आठव्या-नवव्या दातावर गेला असेल तर आधी ड्रमचा अ‍ॅडजस्टर.

ठाकुर्ली_लोकल

माझ्या गाडीला मागे डिस्क आहेत, हँडब्रेक साध्या दांड्याचाच. डावं चाक गरम होतं. यातलं काय लागू पडेल?

तेलकट_हात

ताडून बघायची रीत तीच, जागा वेगळी. तुमच्याकडे केबल थेट कॅलिपरवरच्या (डिस्कला पकडणारा भाग) लिव्हरला लागत असेल तर ती बाहेरूनच दिसते, काम सोपं आहे. हँडब्रेक सोडून लिव्हर तिच्या थांब्याला टेकतेय का बघा. टेकत नसेल तर केबल काढून पुन्हा बघा. केबल काढल्यावरही टेकली नाही तर कॅलिपरमधला शाफ्ट अडकलाय. काही गाड्यांत मात्र डिस्कच्या पोटात हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असतो, तो उघडावा लागतो. तुमची कुठली, आणि किती सालची? लिव्हरचा फोटो टाकून वेगळा धागा काढा.